दूरच्या गांवांचा वांटा

परभणीसंबंधानें दोन म्हणी सर्वत्र ऐकूं येतात. एक, ‘जगांत जर्मनी आणि भारतांत परभणी’. दुसरी, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. पहिलींत मौज आहे, थोडा अभिमानही आहे. परंतु यमकापलीकडे तिच्यांत फारसें कांहीं नाहीं. दुसरी मात्र विचार करण्याजोगी आहे. अन्यत्र कोठें निभाव लागला नाहीं तर शेवटीं परभणी आहेच, असा तिचा अर्थ परभणीकर लावतात, आणि ह्या काळ्या मातीच्या औदार्याचें कौतुक त्यांना तींत दिसतें. बाहेरचा मनुष्य तीच म्हण निराळ्या सुरांत म्हणतो. जेथें आपण होऊन कोणी जात नाहीं तें हें गांव, असा त्याचा भाव. बदलीचा हुकूम हातीं पडलेल्या कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या तोंडून ती म्हण ज्यानें ऐकली असेल, त्याला ‘दूर’ ह्या शब्दाचा अर्थ नकाशांत शोधावा लागत नाहीं.

नकाशावर परभणी मुंबईपासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. एवढ्या अंतराला आजच्या काळीं कोणी दूर म्हणणार नाहीं. परंतु अंतर केवळ मैलांनीं मोजावयाचें नसतें. निजामाच्या राज्यांत मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ह्या मार्गानें सिकंदराबादेस जाणारी लोहवाट १९०० सालीं सुरू झाली. ती मीटर मापाची, म्हणजे अरुंद. मुंबईची वाट रुंद मापाची. त्यामुळें परभणीचा कापूस मनमाडास पोंचला कीं एका गाडींतून उतरावयाचा, दुसरींत चढवावयाचा, आणि हमाली भरून पुढें न्यावयाचा. १९४८ सालीं निजामाचें राज्य गेलें, १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला. मनमाडास माल उतरतच होता. रूळ रुंद होऊन परभणीपर्यंत थेट गाडी येण्यास विसाव्या शतकाचें शेवटचें दशक उजाडावें लागलें. नव्वद वर्षें एखाद्या मुलुखानें आपल्या मालावर दुहेरी हमाली भरावी, ह्याला दूर असणें म्हणतात.

हें झालें जिल्ह्याचें. जिल्ह्याच्या पोटांतही जवळचीं आणि दूरचीं गांवें आहेत. पाथरी, मानवत, परभणी हा सपाट, कसदार मुलूख; उत्तरेकडे जिंतूर तालुक्यांत शिरलें कीं डोंगररांगांचे फांटे, मुरमाड बरडें आणि माळ लागतात. वस्ती विरळ होत जाते. मोठें गांव सोडलें कीं पुढें वाड्या आणि बंजाऱ्यांचे तांडे. पंचवीस-तीस घरांचा तांडा, त्याचा नाईक, त्याचा कारभारी, घरांत गोरमाटी बोली. आणि दवाखाना, बाजार, कचेरी हें सर्व टेकडीच्या पलीकडे.

ह्याच उत्तर भागांत पूर्णा नदीवर येलदरीचें धरण आहे. तें १९६८ सालीं पुरें झालें. तेथें वीज होते, साडेबावीस मेगावॅटची. तेथून सुटलेलें पाणी खालीं हिंगोली जिल्ह्यांतील सिद्धेश्वर धरणांत अडवितात, आणि तेथून कालव्यानें तें वसमत, परभणी, नांदेडच्या बाजूच्या शेतांत जातें. परभणी शहरही आतां येलदरीचेंच पाणी पितें. कालव्याचें पाणी उताराकडे जातें. तें कोणाचा द्वेष करीत नाहीं आणि कोणावर कृपाही करीत नाहीं. परंतु धरणाच्या वरच्या अंगाला टेकडीवर जो तांडा आहे, त्याला त्या अफाट जलाशयाचें दर्शन रोज घडतें आणि शेत मात्र पावसावरच पिकतें. कांठच्या सुपीक जमिनी बुडाल्या त्या ह्याच भागांतल्या. धरण कोणाच्या हद्दींत आहे आणि त्याचें पाणी कोणाच्या शेतांत आहे, हे दोन प्रश्न भिन्न आहेत. सरकारी तक्त्यांत ते पुष्कळदां एकाच रकान्यांत पडतात.

दूरच्या मुलुखाला वांटा किती द्यावयाचा, हा प्रश्न महाराष्ट्राच्या जन्माच्याही आधींचा आहे. २८ सप्टेंबर १९५३ रोजीं नागपूर करार झाला. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र ह्यांच्यांतील पुढाऱ्यांनीं त्यांत लिहून ठेविलें कीं खर्चाचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणांत वांटावा. तथापि मराठवाड्याची अविकसित स्थिति लक्षांत घेऊन त्याच्या सर्वांगीण उन्नतीकडे विशेष लक्ष द्यावें, आणि त्याचा अहवाल प्रतिवर्षीं विधानसभेपुढें ठेवावा. ह्या वाक्याचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध नीट तोलून पाहावा. लोकसंख्येचें प्रमाण हें वरवर अत्यंत न्याय्य दिसतें. परंतु मराठवाड्यांत २०११ च्या शिरगणतीप्रमाणें राज्याच्या लोकसंख्येचा सुमारें सहावा हिस्सा राहतो, आणि भूमि मात्र राज्याच्या एकपंचमांशाहून किंचित् अधिक आहे. रस्ता डोक्यांवरून टाकावयाचा नसतो, जमिनीवरून टाकावयाचा असतो. विजेची तार, पाण्याची नळी, टपालाचा फेरा, सर्वांचें तेंच. जेथें माणसें विरळ तेथें दर डोईं खर्च अधिक येणारच. आणि डोईप्रमाणें वांटणी केली तर विरळ मुलूख नेहमींच तोट्यांत जाणार. करार करणाऱ्यांना हें कळत होतें, म्हणूनच ‘विशेष लक्ष’ हे शब्द आले. मात्र लक्ष म्हणजे किती रुपये, हें कोणीं लिहिलें नाहीं.

१९५६ सालीं घटनेची सातवी दुरुस्ति झाली आणि ३७१ व्या कलमांत राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोंपविण्याची तरतूद आली. तिन्ही विभागांसाठीं स्वतंत्र विकास मंडळें, विकासखर्चाची समन्याय वांटणी, तांत्रिक शिक्षण आणि नोकऱ्यांची पुरेशी सोय, व मंडळांच्या कामाचा वार्षिक अहवाल, इतकें त्यांत स्पष्ट आहे. तरीही मंडळें स्थापन व्हावयास अडतीस वर्षें लागलीं. मधल्या काळांत परभणीस १९७२ सालीं कृषि विद्यापीठ आलें, तेंही मोठ्या चळवळीनंतर. १९७४ सालीं वसमत येथें, जें तेव्हां परभणी जिल्ह्यांतच होतें, पोलिसांच्या गोळीबारांत विद्यार्थी मृत्युमुखीं पडले, आणि मराठवाडा विकासाचें आंदोलन पेटलें. रूंद मापाची रेल्वे, नोकऱ्या, पाटबंधारे ह्या त्या वेळच्या मागण्या. गोविंदभाई श्रॉफ ह्यांच्यासारख्या हैदराबाद मुक्तिसंग्रामांतील जुन्या सेनानींना स्वतंत्र भारतांत रेल्वेच्या रुळांसाठीं पुन्हां लोकांपुढें उभें राहावें लागलें.

भावनेची भाषा आंकड्यांत आणण्याचें श्रेय प्रा. वि. म. दांडेकर ह्यांच्या समितीला द्यावें लागेल. तिचा अहवाल १९८४ सालचा. तिची रीत सुबोध होती. रस्ते, पाटबंधारे, गांवांचें विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी एकेक बाब घ्यावयाची. साऱ्या राज्याची सरासरी काढावयाची. जो जिल्हा त्या सरासरीच्या खालीं असेल त्याची तूट भरून काढण्यास किती रुपये लागतील तें लिहावयाचें. ह्या तुटीला ‘अनुशेष’ हें नांव रूढ झालें, आणि मराठवाड्यांत तो शब्द आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्याची शिल्लक शेजाऱ्याच्या तुटींतून वजा करावयाची नाहीं, असाही नियम होता; त्यामुळें सधन समजल्या जाणाऱ्या उर्वरित महाराष्ट्रांतले दुबळे जिल्हेही हिशेबांत आले, आणि तें योग्यच झालें. एकूण अनुशेष सुमारें ३,१८७ कोटि रुपयांचा निघाला. त्यांत मराठवाड्याचा सुमारें ७५१ कोटींचा, म्हणजे शेंकडा साडेतेवीस.

१ मे १९९४ रोजीं मंडळें कामाला लागलीं आणि पुन्हां मोजणी झाली. एप्रिल १९९४ च्या स्थितीवर काढलेला अनुशेष १४,००६.७७ कोटि भरला; मराठवाड्याच्या वांट्याचा ४,००४.५५ कोटि. मधल्या काळांत भाव वाढले होते आणि मोजणीच्या बाबीही हुबेहूब त्याच नव्हत्या, म्हणून दोन रकमांची सरळ तुलना करूं नये. परंतु प्रमाणाची तुलना करण्यास हरकत नाहीं. एकूण तुटींतला मराठवाड्याचा हिस्सा साडेतेवीस टक्क्यांवरून साडेअठ्ठावीस टक्क्यांवर गेला होता. मोजल्यानें दुखणें बरें होत नाहीं.

तरीही मोजणीचें महत्त्व कमी नाहीं. दोष आहे तो मोजणीच्या मापांत. जिल्हा हें माप धरलें कीं जिंतुराचा माळ आणि परभणीचा बाजार एका सरासरींत विरघळतात. शहरांतलें मोठें रुग्णालय जिल्ह्याच्या खाटांची संख्या वाढवितें. टेकडीवरच्या बाळंतिणीला त्या संख्येचा कांहीं उपयोग नसतो. १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हां उत्तरेकडील पुष्कळसा विरळ वस्तीचा भाग परभणीच्या तक्त्यांतून गेला आणि परभणीची सरासरी एकही नवा रस्ता न होतां बदलली. डॉ. विजय केळकर ह्यांच्या समितीनें २०१३ सालीं दिलेल्या अहवालांत तालुका हा घटक धरावा असें सुचविलें. तो अहवाल २०१४ च्या अखेरीस विधिमंडळापुढें आला. दांडेकरांच्या मोजणीनंतर इतकी महत्त्वाची सुधारणा दुसरी कोणी सुचविली नाहीं, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

विरळ वस्ती हेंच अधिक वांट्याचें कारण मानावें, हा विचार कोणास विचित्र वाटेल. परंतु युरोपच्या उत्तर टोंकाला तो कायद्यांत लिहिलेला आहे. स्वीडन आणि फिनलंड हे देश १९९५ सालीं युरोपीय संघांत गेले. त्यांच्या उत्तर भागांत बर्फ, अरण्यें आणि तुरळक गांवें. फिनलंडचा लॅपलंड प्रांत क्षेत्रफळानें मराठवाड्याच्या दीडपट, आणि तेथील वस्ती दोन लाखांहूनही कमी. प्रवेशाच्या करारांतच ह्या देशांनीं लिहून घेतलें कीं दर चौरस किलोमीटरास आठ किंवा त्याहून कमी माणसें असलेल्या भागाला विशेष साहाय्य मिळावें. येथें दारिद्र्य सिद्ध करण्याचें कारण नाहीं. विरळपणा हाच पुरावा. शेजारचा नॉर्वे संघांत गेला नाहीं, १९९४ च्या सार्वमतानें लोकांनीं नकार दिला. पण त्यानेंही आपल्या अतिउत्तरेकडील फिनमार्क भागांत नोकरी देणाऱ्या धन्यावरील सामाजिक विम्याचा कर माफ केला, आणि तेथें जाऊन राहणाऱ्या व काम करणाऱ्या तरुणाच्या सरकारी शिक्षणकर्जाचा कांहीं अंश प्रतिवर्षीं सोडून देण्याचा नियम केला. दूरच्या गांवीं शिक्षक आणि वैद्य टिकत नाहींत, ह्या रोगावरचा हा इलाज बदलीच्या धाकापेक्षां शहाणपणाचा आहे.

अर्थात् परभणी म्हणजे लॅपलंड नव्हे. येथें दर चौरस किलोमीटरास तीनशेंच्या आसपास माणसें आहेत. आठांचा नियम येथें लावावयाचा म्हटलें तर हंसें होईल. घेण्याजोगें आहे तें निराळेंच. ह्या उत्तरेकडील देशांनीं आपल्या कडेच्या मुलुखांसाठीं एक सामाईक सहकार्य उभारलें आहे. स्कॉटलंड, आयर्लंड, आइसलंड, ग्रीनलंड, फेरो बेटें हीं त्यांत निरनिराळ्या काळीं आलीं. त्यांतून पैसा हवा तर एकट्यानें अर्ज करून चालत नाहीं. निरनिराळ्या देशांतील भागीदार जोडून, एकत्र काम आंखून मागावा लागतो. म्हणजे दूरचा मुलूख दुसऱ्या दूरच्या मुलुखाशीं भांडत बसण्याऐवजीं त्याच्याशीं हिशेब जुळवितो.

ह्याची गरज येथें किती आहे, तें पूर्णा नदीच सांगते. ती येलदरीस येण्यापूर्वीं बुलढाणा जिल्ह्यांतून वाहते, आणि तेथें तिच्यावर खडकपूर्णा धरण बांधलेलें आहे. बुलढाणा विदर्भांत, विदर्भाचाही पाटबंधाऱ्यांचा अनुशेष मोठा, तेव्हां तेथें धरण बांधणें हें न्यायाचेंच काम. परंतु थोड्या पावसाच्या वर्षीं नदीचें पहिलें पाणी तेथें थांबतें, आणि तें धरण भरून वाहूं लागेल तेव्हां खालच्या येलदरीची पाळी येते. खडकपूर्णा येलदरीहून पुष्कळ लहान आहे, हें खरें. पण अपुऱ्या वर्षीं लहान अडसरही जाणवतो. एका मागासलेल्या विभागाची तूट भरतांना दुसऱ्या मागासलेल्या विभागाच्या भरलेल्या रकान्यांतून पाणी निघून जाऊं शकतें, आणि तक्त्यांत मात्र दोन्ही धरणें पुरीं झालेलीं दिसतात. विभागवार मोजणींत नदीला जागा नाहीं.

गोदावरीच्या बाबतींत ही जागा पुष्कळ झगडून निर्माण करावी लागली. पैठणच्या जायकवाडी धरणाचा पाया १९६५ सालीं लालबहादुर शास्त्री ह्यांनीं घातला आणि १९७६ सालीं इंदिरा गांधींच्या हस्तें तें लोकार्पण झालें. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब. तो जालन्याकडून येऊन परभणी जिल्ह्यांत संपतो. म्हणजे परभणी ही कालव्याचें शेंपूट. वर नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतलीं धरणें भरलीं, कीं मग पैठण. पैठणचें पाणी कालव्याच्या तोंडाशीं असलेल्या शेतांना पुरलें, कीं मग परभणी. २००५ च्या कायद्यानें खोऱ्यांतील धरणांत पाण्याची समन्यायी वांटणी करण्याचें तत्त्व आलें. जलसंपत्ति नियमन प्राधिकरणानें सप्टेंबर २०१४ मध्यें तें जायकवाडीस लावून दाखविलें. १५ ऑक्टोबरास साठे पाहावयाचे, आणि जायकवाडींत उपयुक्त पाणी पासष्ट टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून सोडावयाचें, असें त्याचें स्थूल स्वरूप. २०१५, २०१८ आणि २०२३ ह्या सालीं असें पाणी खालीं आलें. वरच्या शेतकऱ्यांनीं विरोध केला, दावे झाले. वरच्या शेतकऱ्याचें दुःखही खोटें नव्हे, उभा ऊस वाळतांना कोणाला दुसऱ्याची तहान आठवते? पण तारीख आणि टक्का ठरलेला असल्यामुळें भांडण नियमावर झालें, नदीकांठीं काठ्या घेऊन झालें नाहीं. असाच तारीख-टक्क्याचा नियम पूर्णेच्या खोऱ्यालाही हवा, आणि तो विदर्भ-मराठवाड्याच्या लोकांनीं एकत्र बसून मागावयास हवा.

असें एकत्र बसण्याची जागा म्हणजे विकास मंडळें. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजीं संपली, आणि त्या वेळीं ती वाढविली गेली नाहीं. देशभर रोगाची सांथ, घरोघर टाळें. मंडळें गेलीं हें पुष्कळांच्या ध्यानांतही आलें नाहीं. २०२२ सालीं राज्याच्या मंत्रिमंडळानें तीं पुन्हां स्थापण्याचा ठराव केला. मंडळांच्या हातीं सत्ता थोडी होती, त्यांच्या सूचना पुष्कळदां बासनांत पडल्या, अशी टीका होते आणि ती बरीचशी खरी आहे. पण प्रतिवर्षीं कोणाला तरी तोट्याचा तक्ता भरून विधिमंडळापुढें मांडावा लागे. टेकडीवरच्या तांड्याची ओळ त्यांत नसली तर ती कां नाहीं, असें विचारण्यास एक दार होतें.

त्या ओळीचें मोल शाळेच्या पटावरून कळतें. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याखालीं महाराष्ट्रांत लहान मुलांना घरापासून एक किलोमीटरच्या आंत शाळा मिळावयास हवी. सप्टेंबर २०२३ मध्यें सरकारनें वीसांहून कमी पटाच्या शाळा मिळून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागविले. मोठ्या शाळेंत शिक्षक अधिक, खेळगडी अधिक, वाचनालय, प्रयोगशाळा, असें त्याचें समर्थन होतें. शहराच्या कडेला तें पटण्याजोगें आहे. डोंगराळ तांड्यावर प्रश्न एवढाच राहतो कीं पहिलींतली मुलगी ओढ्याला पूर आला असतां पलीकडच्या शाळेंत कशी जाणार. येथेंही डोकींच मोजलीं जातात, वाट मोजली जात नाहीं.

शिवाय तीं डोकीं वर्षभर एका जागीं नसतात. कोरडवाहू शेताचें पीक घरीं आलें, कीं दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी तांड्यावर येते. उचल आधींच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी ऊसतोडीची गणती. त्या कोयत्याबरोबर भांडीं, शेळी आणि मुलें गाडींत चढतात. मागें राहणाऱ्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आजी खंबीर असेल आणि वसतिगृह वेळेवर उघडलें तर मूल राहतें. त्यांतल्या एखाद्या घरीं दोन मुलें असलीं तर बहुधा थोरली मुलगी बरोबर जाते, कारण फडावर धाकट्याला कोणी तरी सांभाळावें लागतें. जूनमध्यें पटावर अठरा नांवें असलेल्या शाळेंत माघ महिन्यांत सात मुलें बसलेलीं असतात, आणि तपासणीला आलेला अधिकारी सात हा आंकडा लिहून नेतो. कारखान्यांचा हंगाम आटोपला कीं चैत्राच्या उन्हांत गाड्या परत येतात. मुलें दप्तर शोधून शाळेकडे जातात, तेव्हां तेथें परीक्षेचें वेळापत्रक लागलेलें असतें.